मेल येतो पण जात नाही: ईमेल क्लायंट लावायचा कसा आणि तो आत करतो काय

माझ्या मामांचं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे आणि दुकानाच्या मेलचं काही बिनसलं की फोन मला येतो, कारण आख्ख्या घराण्यात "कॉम्प्युटरमधलं कळणारा" मी एकटाच, आता माझं शिक्षण मेकॅनिकलचं आहे हे कोणी बघत नाही. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर असाच फोन आला. "अरे, इंदूरच्या पार्टीचा ऑर्डरचा मेल सकाळी माझ्या फोनवर होता, आता नाहीये. दिवाणजी म्हणतात त्यांच्या मशीनवर दिसतोय. मग माझ्याकडचा गेला कुठं?"

गेला कुठंच नव्हता, दिवाणजींच्या मशीनवरच्या आउटलुक नावाच्या मेल प्रोग्रामनं तो सर्व्हरवरून, म्हणजे मेल साठवणाऱ्या दूरच्या कॉम्प्युटरवरून, उचलून स्वतःच्या हार्ड डिस्कवर नेला होता आणि सर्व्हरवरची प्रत पुसून टाकली होती. त्याला तसंच सांगून ठेवलेलं होतं, नऊ वर्षांपूर्वी, ज्या कोणी ते लावून दिलं त्यानं. म्हणजे दुकानाचा नऊ वर्षांचा सगळा पत्रव्यवहार एका जुनाट डेस्कटॉपच्या एका हार्ड डिस्कवर, बॅकअप शून्य, आणि डेस्कटॉप कुठे तर देवाच्या फोटोखाली जिथं रोज उदबत्ती लागते तिथं. मी त्या रात्री नीट झोपलो नाही.

तर हे लिहितोय ते त्यातून शिकलेलं. थंडरबर्ड नावाचं मेलचं सॉफ्टवेअर धरून सांगतो कारण ते फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यावर चालतं आणि त्याची बटणं कुठे आहेत ते मला पाठ आहेत. पण आउटलुक, ॲपल मेल, फोनमधलं मेलचं ॲप, आतून सगळ्यांचं काम तेच असतं. आणि कुठलंही बटण दाबायच्या आधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा की माझा मेल नक्की राहतो कुठे. याचं उत्तर माहीत असेल तर निम्म्या भानगडी होतच नाहीत.

आधी क्लायंट म्हणजे काय ते. ब्राउझरमध्ये जीमेल उघडता तेव्हा तुम्ही पोस्टात जाऊन तिथंच पत्र वाचत असता. क्लायंट म्हणजे तुमचा माणूस, जो पोस्टात जाऊन पत्रं घेऊन येतो, तुमची पत्रं नेऊन टाकतो आणि घरी फायली लावून ठेवतो. जुन्या ऑफिसात आवक-जावक अशी दोन वेगळी रजिस्टरं असायची ना, इथंही अगदी तसंच आहे. आवक वेगळ्या खिडकीवर, जावक वेगळ्या. दोन्हींचे नियम वेगळे, पोर्ट म्हणजे खिडकीचे नंबर वेगळे, कधी कधी सर्व्हरही वेगळे, आणि क्लायंट दोन्हीकडे वेगवेगळा लॉगिन करतो. "मेल येतात पण जात नाहीत" ही जी कायमची तक्रार असते ना, तिचं मूळ इथं आहे, लोकांना वाटतं एकच वस्तू आहे आणि ती अर्धी बिघडलीय.

आवक खिडकीवर दोन भाषा चालतात, पॉप आणि आयमॅप. पॉपची आज वापरात आहे ती तिसरी आवृत्ती, १९८८ ची, आणि तो काळ डोळ्यासमोर आणा, फोनच्या लायनीवरून जोडायचं, मिनिटाला पैसे, सर्व्हरवर जागा चिमूटभर. म्हणून पॉप काय करतो तर जातो, यादी बघतो, सगळं उतरवून घेतो, सर्व्हरवरचं पुसतो, लाइन तोडतो. त्या काळाला ते बरोबरच होतं. त्याला फोल्डर माहीत नाहीत, वाचलेलं-न वाचलेलं माहीत नाही, तुम्ही पाठवलेल्या मेलशी तर त्याचा काही संबंधच नाही. आयमॅप १९८६ मध्ये स्टॅनफर्डला मार्क क्रिस्पिन यांनी आणला, म्हणजे वयानं लहान नाहीये, पण विचार उलटा आहे, मेल सर्व्हरवरच राहतो, क्लायंट फक्त त्याचं प्रतिबिंब दाखवतो. फोनवर मेल वाचला की सर्व्हरवर त्या मेलला "वाचला" अशी खूण लागते आणि दुकानातल्या मशीनलाही तो वाचलेलाच दिसतो. अशा पाच खुणा नियमात ठरलेल्या आहेत, वाचला, उत्तर दिलं, तारा लावला, मसुदा आणि पुसला. पुसला हीसुद्धा नुसती खूण आहे हे लक्षात ठेवा, त्यावर पुढे येतोच.

आज एकापेक्षा जास्त ठिकाणी मेल बघत असाल, आणि फोन धरून सगळेच बघतो, तर डोळे झाकून आयमॅप. पॉप मी फक्त एकाच कामासाठी लावतो, होस्टिंगवाल्यानं, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर आपण मेलची जागा भाड्यानं घेतो त्यानं, १ जीबी जागा दिलीय, ती दर महिन्याला भरते आणि मालक जास्तीचे पैसे द्यायला तयार नाही. तिथंही "लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर" ही टिक आहे की नाही ते पहिलं बघा. त्याच्याखाली किती दिवस ठेवायचं तेही टाकता येतं. ही एक टिक दिवाणजींच्या मशीनवर असती तर मामांचा फोन आलाच नसता.

आता लावायला घेऊ. थंडरबर्ड पहिल्यांदा उघडलं की नाव, मेलचा पत्ता आणि पासवर्ड मागतं. नाव नीट टाका, कारण समोरच्याला तेच दिसणार, एका नातेवाइकानं तिथं "एबीसी" टाकलं होतं आणि वर्षभर लोकांना एबीसीकडून मेल जात होते. पुढे थंडरबर्ड तुमच्या पत्त्यातला ॲटच्या पुढचा भाग घेतं आणि त्या डोमेनच्या सेटिंग्ज शोधतं, डोमेनवाल्यानं स्वतः एखादी फाइल ठेवलीय का, थंडरबर्डवाल्या मोझिलाकडे मोठमोठ्या कंपन्यांची यादी आहे त्यात आहे का, नाहीतर शेवटी अंदाज मारतं. जीमेल, याहू वगैरे असेल तर लगेच सापडतं. स्वतःचं डोमेन असेल तर कधी सापडतं कधी चुकीचं सापडतं, आणि चुकीचं सापडलेलं जास्त वाईट. तेव्हा "कॉन्फिगर मॅन्युअली" घ्या आणि हाताने भरा.

भरायचं काय? आवक साठी प्रोटोकॉल आयमॅप, होस्टिंगवाल्यानं दिलेलं सर्व्हरचं नाव, पोर्ट ९९३, कनेक्शन सिक्युरिटी, म्हणजे बोलण्याला लावायचं कुलूप, एसएसएल/टीएलएस. युजरनेम बहुतेक ठिकाणी अख्खा मेल पत्ता लागतो, नुसता ॲटच्या आधीचा भाग नाही, इथं बरेच अडकतात. पॉप असेल तर पोर्ट ९९५. जावक साठी भाषा एसएमटीपी, पोर्ट ४६५ घेतला तर एसएसएल/टीएलएस, ५८७ घेतला तर स्टार्ट-टीएलएस. या जोड्या उलटसुलट लावल्या, म्हणजे ५८७ ला एसएसएल ठेवलं, की क्लायंट नुसता भोवरा फिरवत बसतो आणि शेवटी टाइमआउट म्हणतो, काही धड सांगत नाही. फरक एवढाच की ४६५ वर पहिल्या अक्षरापासून बोलणं कुलूपबंद असतं आणि ५८७ वर आधी उघड्यावर नमस्कार होतो मग "चला आता दार लावून बोलू" असं ठरतं. जुन्या लेखांत पोर्ट २५, ११०, १४३ दिसतील, ते घेऊ नका. २५ हा सर्व्हर सर्व्हरशी बोलतो तिथला पोर्ट आहे आणि घरगुती इंटरनेटवर तो बऱ्याचदा बंदच ठेवलेला असतो, स्पॅम सुटू नये म्हणून.

जीमेलची गोष्ट थोडी वेगळी आहे. पूर्वी आपला नेहमीचा पासवर्ड क्लायंटमध्ये टाकला की चालायचं, गूगलनं ३० मे २०२२ पासून साध्या खात्यांना ते बंद करायला घेतलं. आता दोन रस्ते. थंडरबर्डसारख्या क्लायंटमध्ये ऑथेंटिकेशन मेथड "ओऑथ२" ठेवायची, मग एक छोटी खिडकी उघडते, त्यात गूगलचं नेहमीचं लॉगिन होतं आणि क्लायंटला पासवर्डच्या जागी एक परवाना मिळतो, पासवर्ड त्याला कळतच नाही. ही खिडकी उघडून कोरीच राहत असेल तर थंडरबर्डच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कुकीज बंद आहेत का बघा, मी यावर एक अख्खी दुपार घालवलीय. दुसरा रस्ता जुन्या क्लायंटसाठी किंवा मेल पाठवणाऱ्या स्कॅनरसाठी, गूगल खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड काढायचा आणि तो तिथं टाकायचा. तो फक्त त्या एका यंत्रापुरता. यंत्र विकलं, हरवलं, की तेवढाच रद्द करा.

आता ते मेल येतात पण जात नाहीत. मामांनी एकदा कोणाच्या तरी सांगण्यावरून पासवर्ड बदलला, थंडरबर्डनं आवकसाठी नवीन पासवर्ड विचारला, त्यांनी टाकला, मेल धडाधड यायला लागले. जाईनात. कारण जावकचा पासवर्ड वेगळा साठवलेला असतो आणि तिथं जुनाच बसला होता. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, सेव्ह्ड पासवर्ड्स इथं जाऊन बघितलं तर एकाच पत्त्याच्या दोन नोंदी दिसतात, एक आयमॅपची एक एसएमटीपीची. एसएमटीपीची उडवायची, मेल पाठवायचा, तो विचारेल, नवीन टाकायचा. दोन मिनिटं.

आणि "रिले ॲक्सेस डिनाइड" असा एरर आला तर पासवर्ड चुकलेला नाही, बहुतेक दिलेलाच नाही. म्हणजे जावक सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ऑथेंटिकेशन "नन" राहिलंय. सर्व्हर म्हणतोय की बाबा तू कोण ते सांगितलं नाहीस आणि मला परगावची पत्रं टाकायला देतोयस. जावक सर्व्हरची यादी अकाउंट सेटिंग्जमध्ये डाव्या बाजूला अगदी खाली असते, खात्याच्या आत नसते, म्हणून लोकांना ती सापडत नाही.

सेंड दाबल्यावर आत काय होतं ते एकदा बघण्यासारखं आहे, कारण ते खरोखरच संभाषण असतं, माणसाला वाचता येईल असं. १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी हे नियम लिहिले आणि सांगाडा अजून तोच आहे. क्लायंट जोडतो, सर्व्हर २२० म्हणतो, म्हणजे बोला. क्लायंट नमस्कार करतो, सर्व्हर आपल्याला काय काय जमतं त्याची यादी देतो, त्यात जास्तीत जास्त किती मोठा मेल घेईन हेही असतं. मग ओळख पटवणं. मग क्लायंट म्हणतो "मेल फ्रॉम" आणि पाठवणाऱ्याचा पत्ता, सर्व्हर २५०, म्हणजे ठीक. मग "आरसीपीटी टू", ज्याला ज्याला पाठवायचा त्या प्रत्येकासाठी वेगळी ओळ, दर वेळी २५०. मग "डेटा", सर्व्हर ३५४, म्हणजे हं सांगा मजकूर. क्लायंट अख्खा मेल ओततो आणि शेवटी एका ओळीवर फक्त एक टिंब. टिंब म्हणजे संपलं. सर्व्हर २५०, घेतला. (तुमच्याच मजकुरात एखादी ओळ नुसत्या टिंबाची असेल तर? क्लायंट गुपचूप तिथं एक टिंब वाढवतो आणि पलीकडचा ते काढून टाकतो, तुम्हाला पत्ताही लागत नाही.)

हे शेवटचं २५० म्हणजे "मी जबाबदारी घेतली", "पोचला" नव्हे. पुढे तुमचा सर्व्हर समोरच्या डोमेनचा मेल कोण घेतो ते विचारतो आणि तिथं हेच संभाषण परत होतं. परत आलेल्या मेलमध्ये आकडा ४ नं सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती, सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करत राहतो, तुम्ही धावपळ करू नका. ५ नं सुरू होत असेल तर पक्का नकार, पत्ता तपासा.

या संभाषणातून एक फार कामाची गोष्ट कळते. मेलला पाकीट वेगळं असतं आणि आतलं पत्र वेगळं. "आरसीपीटी टू" हे पाकीट. मेलमध्ये वर दिसणारं टू, सीसी, फ्रॉम हे आतलं पत्र, लग्नपत्रिकेत "प्रेषक" म्हणून आजोबांचं नाव छापलेलं असतं आणि पाकिटावर पत्ते लिहून टाकतो पुतण्या, तसं. बीसीसी चालतं ते यामुळेच, पाकिटावर नाव असतं, आतल्या पत्रात नसतं, क्लायंट किंवा सर्व्हर ते काढून टाकतो. आणि फसवणूकही यामुळेच चालते, कारण फ्रॉममध्ये काय लिहायचं हे लिहिणाऱ्याच्या हातात आहे. यार्डात एका व्यापाऱ्याला ओळखीच्या पार्टीच्या नावानं "आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे" असा मेल आला होता, अगदी जुन्या मेलला रिप्लाय केल्यासारखा. त्यांनी आधी फोन केला म्हणून वाचले.

असा मेल आला की कंट्रोल आणि यू दाबा, मूळ मजकूर उघडतो. घाबरू नका, सगळं वाचायचं नाही. "रिप्लाय-टू" बघा, फ्रॉमपेक्षा वेगळा पत्ता आहे का. "रिसीव्ह्ड" नावाच्या ओळी खालून वर वाचा, प्रत्येक सर्व्हरनं आपला शिक्का वर मारलेला असतो त्यामुळे सगळ्यात खालचा सगळ्यात जुना, पण खालचे शिक्के खोटेही मारता येतात, भरवसा तुमच्या स्वतःच्या सर्व्हरनं मारलेल्यावर. आणि "ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स" मध्ये एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या पाठवणाऱ्या डोमेनच्या तीन तपासण्यांपुढे पास आहे की फेल. पास असलं तरी ते एवढंच सांगतं की मेल त्या डोमेनकडूनच आलाय, डोमेनच एका अक्षराने वेगळं घेतलेलं असेल तर पास होऊनही चोरच. पैशाचं असेल तर फोन करा, मेलमधल्या नंबरवर नाही, आपल्या वहीतल्या.

पाठवलेल्या मेलचं पुढे. सेंटमध्ये जी प्रत दिसते ती एसएमटीपी ठेवत नाही, तो मेल देऊन मोकळा होतो. प्रत ठेवतो तुमचा क्लायंट, वेगळा, आयमॅपवरून सर्व्हरच्या सेंट फोल्डरमध्ये पुन्हा चढवून. म्हणजे १० एमबीची फाइल पाठवली की ती दोनदा वर जाते. "मेल गेला पण सेंटमध्ये कॉपी ठेवता आली नाही" असा निरोप येतो तेव्हा मेल गेलेला असतो, परत पाठवू नका! दिवाणजींनी एकदा तोच कोटेशनचा मेल चार वेळा पाठवला, समोरच्यानं विचारलं चार ट्रक पाठवताय का. जीमेल मात्र स्वतःच सेंटमध्ये ठेवतं, तिथं दोन दोन दिसत असतील तर "कॉपीज अँड फोल्डर्स" मधली प्रत ठेवायची टिक काढा.

त्याच पानावर अजून एक बघा. एक क्लायंट "सेंट" मध्ये ठेवतो, दुसरा "सेंट आयटम्स" मध्ये, फोन तिसरीकडेच, आणि मग माणूस म्हणतो माझे पाठवलेले मेल गायब आहेत. गायब काही नसतं, तीन ढीग झालेले असतात. एक फोल्डर ठरवा, सगळ्या यंत्रांवर तोच निवडा, जुन्या ढिगांतलं त्यात हलवा. आणि सर्व्हरवर आहे पण क्लायंटमध्ये दिसतच नाही असा फोल्डर असेल तर खात्यावर राइट क्लिक करून सबस्क्राइब मध्ये टिक नाहीये एवढंच असतं.

पुसण्याचं सांगतो म्हटलं होतं. आयमॅपमध्ये पुसणं दोन टप्प्यांत होतं, आधी खूण, मग "एक्सपंज" म्हणजे खरोखर काढणं. थंडरबर्ड सहसा पुसलेला मेल ट्रॅशमध्ये हलवतं पण मूळ जागी खूण लावलेली प्रत राहू शकते ती कॉम्पॅक्ट होईपर्यंत. तुमच्या डिस्कवरही तसंच. थंडरबर्डचा प्रत्येक फोल्डर म्हणजे एकच लांबलचक मजकूर फाइल असते, एमबॉक्स म्हणतात त्याला, एकाखाली एक मेल जोडत गेलेली, कीर्दवहीसारखी. मधलं पान फाडत नाहीत, नुसती काट मारतात. त्यामुळे हजार मेल पुसले तरी फाइल तेवढीच. फोल्डरवर राइट क्लिक, कॉम्पॅक्ट, की वही नव्यानं लिहिली जाते. इनबॉक्स ६ जीबीचा होऊ देऊ नका, वर्षवार फोल्डर करा, एक फाइल बिघडली तर एका वर्षाचं बिघडेल.

या फाइली बघायच्या तर मेन्यू, हेल्प, ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन, प्रोफाइल फोल्डर, ओपन. आयमॅपचं "आयमॅपमेल" मध्ये, पॉप आणि लोकल फोल्डर्सचं "मेल" मध्ये. इनबॉक्स नावाची बिन-एक्स्टेन्शनची फाइल म्हणजे खरा माल, शेजारची एमएसएफ वाली म्हणजे नुसती अनुक्रमणिका. यादी विचित्र दिसायला लागली, विषय एक आणि उघडल्यावर मजकूर दुसराच, तर प्रॉपर्टीज मध्ये जाऊन रिपेअर फोल्डर दाबा, अनुक्रमणिका नव्यानं होते. अँटिव्हायरसला मात्र या प्रोफाइल फोल्डरपासून लांब ठेवा, एका मेलमध्ये व्हायरस सापडला म्हणून तो अख्खी इनबॉक्स फाइल उचलून कोठडीत टाकू शकतो, त्याला काय माहीत की ती वही आहे. बॅकअप म्हणजे थंडरबर्ड बंद करून हा प्रोफाइल फोल्डर जसाच्या तसा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करणं, बस. आयमॅप आहे म्हणून बॅकअप नको असं नाही हं, तिकडे कोणी पुसलं की तुमच्याकडचं प्रतिबिंबही जातं.

जोडलेल्या फाइलींबद्दल थोडंसं. जीमेलची मर्यादा २५ एमबी, पण २४ एमबीची फाइल कधी कधी जात नाही, का? मेलची वाट मुळात साध्या इंग्रजी अक्षरांसाठी बांधलेली, म्हणून फोटो असो पीडीएफ असो, क्लायंट तिचं अक्षरांत रूपांतर करतो, दर ३ बाइटची ४ अक्षरं. म्हणजे आकार तिसऱ्या हिश्श्यानं फुगतो, वर ओळी तोडण्याचं थोडं. १८ एमबीच्या आत राहिलात तर जाईल. हीच युक्ती आपल्या देवनागरीसाठीही वापरतात, विषयात "हळद दरपत्रक" लिहिलं की ते यूटीएफ-८ या युनिकोड लिहायच्या पद्धतीत अक्षरामागे ३ बाइट होऊन तसंच गुंडाळून जातं आणि समोरचा क्लायंट उलगडून दाखवतो. पण कोणी श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून मेलमध्ये चिकटवलं तर समोर इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते, त्यात क्लायंटचा दोष नाही, तो मजकूर आतून मराठी नसतोच, इंग्रजी अक्षरांना मराठी मुखवटा असतो. युनिकोडमध्ये टाइप करा किंवा पीडीएफ करून जोडा.

दुकानात आणखी एक गंमत झाली. एकच जीमेल खातं चार मशीनवर आणि तीन फोनवर, आणि रोज दुपारी कोणाला तरी "टू मेनी कनेक्शन्स". जीमेल एका खात्याला एका वेळी १५ आयमॅप जोडण्या देतं. थंडरबर्ड नुसतं बसलं तरी ५ पर्यंत जोडण्या धरून ठेवतं, नवीन मेल आला की लगेच कळावा म्हणून इनबॉक्सवर कान लावून, आणि बाकी फोल्डरसाठी वेगळ्या. चार पंचे वीस. सर्व्हर सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड, तिथं ५ चे २ केले, भांडण मिटलं.

शेवटी स्थलांतर, म्हणजे दिवाणजींच्या मशीनवरचं आणि जुन्या होस्टिंगवरचं सगळं नवीन ठिकाणी. क्लायंटचा खरा उपयोग इथं कळतो. दोन्ही खाती एकाच थंडरबर्डमध्ये लावा, एकीकडून दुसरीकडे मेल ओढा, झालं. पण जुनं खातं लावताना सर्व्हरचं नाव "मेल डॉट तुमचं डोमेन" असं टाकू नका, डोमेन नवीनकडे वळवलं की तेच नाव नव्या सर्व्हरवर जाईल आणि जुनं खातं सापडणारच नाही. जुन्या होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरचं स्वतःचं नाव मागून घ्या. मूव्ह करू नका, कॉपी करा. एका वेळी पाचशे-हजार, वीस हजार एकदम धरले तर अर्ध्यात दम तोडतो आणि मग कुठपर्यंत झालं ते मोजत बसा. डोमेन वळवल्यावर दोन दिवस जुनं खातंही उघडून बघत राहा, काही सर्व्हरना जुनाच पत्ता लक्षात असतो आणि तुरळक मेल तिकडे पडत राहतात.

आउटलुकची पॉपची फाइल पीएसटी असते, थंडरबर्डची नसते. म्हणून दिवाणजींच्या मशीनवर मी त्याच आउटलुकमध्ये नवीन आयमॅप खातं जोडलं आणि पीएसटीमधून तिकडे फोल्डर फोल्डर करत कॉपी केलं. दोन रात्री चाललं, दिवाणजी दर तासाला येऊन "किती राहिले" विचारायचे.

संपल्यावर आकडे जुळवले. इकडे १४,२१२, तिकडे १४,२०९. तीन कमी. मामा म्हणाले तीनच ना, सोड. दिवाणजी म्हणाले तीन का असेना, ताळा बसला पाहिजे. आकारानुसार लावून बघितलं तर तिन्ही सगळ्यात वर, कुठल्याशा जमिनीच्या कागदांचे रंगीत स्कॅन, नव्या सर्व्हरच्या मर्यादेपेक्षा मोठे. ते तीन फाइल म्हणून सेव्ह केले, पेन ड्राइव्हवर घेतले, आणि दिवाणजींनी तो पेन ड्राइव्ह पाकिटात घालून, पाकिटावर तारीख घालून तिजोरीत ठेवला.